वर्षावासात विहारातला संध्याकाळचा वर्ग : आनापान आणि वर्तन-मानसशास्त्र एकत्र कसं बसवायचं?

तापीकाठ (भुसावळ) यांचा प्रश्न

जय भीम, नमो बुद्धाय मंडळी.

वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, आमच्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. यंदा त्याला जोडून आनापान (श्वासाकडे लक्ष देऊन बसणं) आणि रोजच्या सवयींवर काम, असा अर्ध्या तासाचा वर्ग ठेवायचाय. येणारी माणसं वीस-बावीस. रेल्वेचा रनिंग स्टाफ (गाडीवर जाणारे चालक-गार्ड), आयुध निर्माणीतले दोघे-तिघे, केळीच्या बागांत कामाला जाणाऱ्या बाया, कॉलेजची पोरं.

अशा वर्गांचं जे होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या आठवड्यात जो तो तासभर बसायला तयार, तिसऱ्यात चटया रिकाम्या. जे टिकतात ते डोळे मिटून छान बसतात, पण घरचा आरडाओरडा, तंबाखू, रात्री दीडपर्यंत रील्स यात काडीचा फरक पडत नाही. त्यात शिफ्ट आणि शेतीची रात्रीची लाईट, त्यामुळे ‘रोज पहाटे पाचला’ हे सांगून उपयोग नाही.

वर्तन-मानसशास्त्रातलं नेमकं काय उचलावं? आणि धम्माचं ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’ होऊ न देता ते कसं करावं? अनुभवकथन नको, पद्धत सांगा.

मेहरूणकर (जळगाव)

तापीकाठ भाऊ, क्रम बदला. शील, समाधी, प्रज्ञा हा आपल्याकडचा क्रमच आहे, पण वर्ग घेताना आपण पहिली पायरी वंदनेत उरकून थेट दुसरीवर बसतो. वर्तनवाले तेच सांगतात: मन बदलेल तेव्हा वागणं बदलेल अशी वाट पाहू नका, वागण्याचा एक लहानसा तुकडा हातात घ्या.

पायाला अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्त घ्या (मज्झिम निकाय, ६१). अशोकाने बैराटच्या लेखात भिक्खू-उपासक सगळ्यांनी वारंवार ऐकावीत म्हणून जी सात प्रवचनं सांगितली, त्यात राहुलाला खोटं बोलण्यावरून केलेला हा उपदेश आहे. कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर, तिन्ही वेळा बघ: याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना त्रास होतो का? वाईट झालं असेल तर जाणत्याजवळ बोल आणि पुढे सावध राहा. चांगलं झालं असेल तर त्या आनंदात राहा. आता वर्तनविश्लेषणाची तक्ता-पद्धत बघा: आधी काय घडलं, मी काय केलं, लगेच हाती काय लागलं. दोन्ही एका पानावर मावतात.

शंभर पानी वहीत तीन रकाने आखायला लावा. सवय एकच निवडायची, तीही मोजता येईल अशी. ‘राग कमी करणे’ चालणार नाही. ‘जेवताना मुलावर ओरडणे’ चालेल. पहिले सात दिवस काहीही बदलायचं नाही, नुसती नोंद. लोक इथे घाई करतात आणि फसतात, कारण सवय कशावर उभी आहे हे कळायच्या आधीच तिच्यावर हात टाकतात. तिसऱ्या रकान्यात ‘वाईट वाटलं’ असं लिहून येतं, ते परत पाठवा. वाईट वाटणं नंतरचं. ओरडल्याबरोबर पोरगं गप्प झालं, हा लगेचचा फायदा, आणि सवय त्याच्यावर जगते.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी दोन वाट्या आणि ज्वारीचे दाणे. घडलं की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. शेतात जाताना दाणे बटव्यात. रात्री मोजून आकडा कुणाला तरी सांगायचा.

आता वेळ. तुमच्याकडे घड्याळाची वेळ चालणार नाही, घटनेची खूण चालेल. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशा वाक्यांवर बरंच काम केलंय. नुसत्या ‘मी रोज करीन’पेक्षा असं वाक्य जास्त पाळलं जातं. रनिंगवाल्याला: ‘ड्युटीवरून येऊन बूट काढले की बाजेवर बसून दहा श्वास.’ रात्री पाणी भरणाऱ्याला: ‘स्टार्टर दाबून पाटात पाणी आलं की बांधावर बसून दहा श्वास.’ (ऑटो स्विच लावलेला असेल तर ही खूणच गायब होते, मग पहिलं बारं मोडल्यावर.) बायांना: ‘शेवटची भाकरी तव्यावरून उतरली, गॅस बंद केला की.’ खूण आधीपासून रोज होणारी, हाताने करायची आणि स्पष्ट संपणारी हवी. ‘मोकळा वेळ मिळाला की’ ही खूण नव्हे.

मात्रा: पहिले दोन आठवडे दहा श्वास. पुढचे दोन, पाच मिनिटं. मग दहा. वीसच्या वर वर्गात जाऊच नका, ज्याला हवं तो शिबिराला जाईल. तासभर बसवलं की गुडघे आणि झोप यांची शिक्षा त्याच तासात मिळते, फायदा महिन्याने. लगेच शिक्षा आणि उशिरा बक्षीस असलेली गोष्ट कुणीही सोडतो, त्याला श्रद्धा कमी पडली म्हणू नका.

आणि वर्षावासाची लांबी फार सोयीची आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ९६ जणांवरचा अभ्यास छापला. साधी सवय आपसूक व्हायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवसांचा अंदाज. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. तेव्हा ‘२१ दिवसांत सवय’ हे पोस्टर विहारात लावू नका.

उपासिका (चाळीसगाव)

मेहरूणकर दादांनी शीलाची बाजू नीट मांडली. मी बसण्याबद्दल लिहिते, कारण दहा श्वास म्हणजे काय हे सांगितलं नाही तर लोक दहा वेळा जोरात श्वास ओढतात आणि चक्कर आली म्हणतात.

श्वास घ्यायचा नाही, आहे तो बघायचा. नाकपुड्यांच्या कडा आणि वरच्या ओठावरची जागा, तिथे गार-गरम, घासणं, काय कळेल ते. नवख्याला काहीच कळत नाही, त्याला मोजायला लावा. बाहेर जाणाऱ्या श्वासाला एक आकडा. बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात (साधनेवरचा जुना पाली ग्रंथ) पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये म्हटलंय. आकडा हरवला की परत एक. आकडा हरवल्याचं कळलं तो क्षणच सराव आहे, हे पहिल्या दिवशी चार वेळा सांगा. नाहीतर माणूस हरवल्याबद्दल स्वतःला शिव्या देत बसतो आणि परत येणं ही गोष्टच त्याला नकोशी होते.

सर्दीवाल्याला, दम्याच्या माणसाला आणि श्वासाकडे लक्ष दिलं की छाती दडपते अशांना नाक सोडून द्यायला सांगा. तळपाय जमिनीला लागलेत तिथे लक्ष, किंवा पंख्याचा आवाज. डोळे अर्धे उघडे. सगळ्यांनी पद्मासन घातलंच पाहिजे असा आग्रह नको. गुडघेदुखीवाल्यांना भिंतीकडेला खुर्ची, मांडी घालणाऱ्यांना बुडाखाली चारघडी गोधडी, म्हणजे गुडघे कंबरेच्या खाली येतात आणि पाय कमी बधिर होतात. श्रावणातल्या उकाड्यात लाईट गेली तर खिडक्या उघडा आणि वेळ निम्मी करा. घामाने भिजून सहनशीलता शिकवायचा हा वर्ग नव्हे.

आता रागाचं. प्रतीत्यसमुत्पादात (एकातून दुसरं घडत जाण्याची साखळी) स्पर्शातून वेदना (दुखणं नव्हे, सुखद-दुःखद जाणीव), वेदनेतून तृष्णा, तृष्णेतून उपादान (धरून ठेवणं). आपल्याला हात घालता येतो तो वेदना आणि तृष्णेच्या मध्ये, आणि ती जागा चटईपेक्षा ओट्यापाशी जास्त वेळा येते. म्हणून वर्गात एक व्यायाम रोज घ्या: आत्ता अंगात जे चाललंय ते सुखद, दुःखद की यापैकी काही नाही? एवढंच, मनातल्या मनात. दोन मिनिटं. हे जमलं की मग वाक्य बांधा: ‘आवाज चढला की दोन्ही टाचा जमिनीला दाबीन, बोटं जमिनीवर पसरीन, तीन श्वास जाऊ देईन, मग बोलेन.’ रागाकडून तळपायाकडे लक्ष नेण्याचा हा उपाय निर्भय सिंग या मानसशास्त्रज्ञांनी आक्रमक वागणाऱ्या लोकांसोबत वापरला आहे. पण तो थंड डोक्याने रोज तीन-चार वेळा गिरवावा लागतो. भांडणात पहिल्यांदा आठवायला गेलात तर आठवत नाही.

विचार पिच्छा सोडत नसतील तर वितक्कसंठान सुत्तातले पाच उपाय (मज्झिम निकाय, २०), आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्या जागी कुशल विचार आणणं, सुतार जाड खुंटी बारीक खुंटीने ठोकून बाहेर काढतो तसं. मग त्या विचाराचे तोटे बघणं. मग दुर्लक्ष. मग विचाराचा वेग टप्प्याटप्प्याने उतरवणं. हे सगळं हरलं तरच दात आवळून मनाला मन दाबणं. लोक थेट पाचव्यावर उडी मारतात. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका सांगून जो प्रयोग केला, त्यात दाबलेला विचार नंतर जास्तच वर आला. तेव्हा पाचवा उपाय पाचवाच ठेवा. पद्मल डी सिल्वा या श्रीलंकन मानसशास्त्रज्ञांनी हे पाच उपाय आणि वर्तनोपचारातली तंत्रं यांची सांगड १९८०च्या दशकातच घातली होती, म्हणजे हा मेळ काही आजच्या ॲपवाल्यांनी शोधलेला नाही.

मैत्री भावनेतही (सगळ्यांचं भलं चिंतायची साधना) चूक होते. सुरुवात भांडलेल्या जावेपासून करायची नाही. आधी स्वतः, मग ज्याच्याबद्दल आदर आहे अशी व्यक्ती, मग ना देणं ना घेणं अशी (दूधवाला चालेल), शेवटी वैर असलेली. मेलेल्या माणसावर ही भावना करू नये असं विसुद्धिमग्गात स्पष्ट आहे. नुकतंच घरात कुणी गेलेल्या बाईला हे आठवणीने सांगा.

देवपूर (धुळे)

बाकी सगळं ठीक, माझे दोन मुद्दे.

एक. विहारात ध्यान म्हटलं की आपल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या भुवया वर जातात, आणि ते उगाच नाही. मुकादमाने हजेरी बुडवली तर बाईने वेदना न्याहाळत बसायचं का? वहीत त्रासाचं कारण बाहेरचं निघालं तर उपायही बाहेरचाच: चौघींनी मिळून हजेरीची स्वतंत्र नोंद ठेवणं, अर्ज करणं. हे पहिल्या दिवशीच बोला, म्हणजे तुमच्या ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’च्या भीतीवर वेगळा उपाय लागणार नाही.

दोन. बसणं हे पळवाट होतंय का ते तपासा. घरात वाद पेटला की जो उठून डोळे मिटून बसतो, त्याला लगेच सुटका मिळते आणि ती सुटकाच त्याला पुन्हा तिथे बसवते. बाहेरून साधक दिसतो. साधी कसोटी: बसून उठल्यावर टाळलेलं काम किंवा टाळलेलं बोलणं झालं का? तीन वेळा ‘नाही’ आलं तर बसणं कमी करा. तसंच जो माणूस मुळातच गळून गेलाय, बाजेवरून उठत नाही, त्याला आणखी शांत बसवू नका. अग्गि सुत्तात (संयुत्त निकाय, ४६.५३) मन मरगळलेलं असताना शांती, समाधी, उपेक्षा वाढवण्याची वेळ नसते, धम्मविचय (धम्माची पारख), वीर्य (उत्साह), प्रीती (आनंद) यांची असते असं सांगितलंय. मानसोपचारातही अशा माणसाला आधी हालचाल आणि छोटी कामं देतात: सकाळी नळापर्यंत चालणं, एक भांडं घासणं, विहाराचं अंगण झाडणं.

तापीकाठ (भुसावळ)

खूप काही मिळालं. दोन गोष्टी राहिल्या. तंबाखूवर नेमकं काय करावं, कारण वर्गातल्या निम्म्या पुरुषांचा आणि काही बायांचा (मिसरी) तोच विषय आहे. आणि शील मोडलं की लोक वर्गालाच यायचे बंद होतात, त्याचं काय?

मेहरूणकर (जळगाव)

दुसऱ्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. ॲलन मार्लाट यांनी व्यसनांवर काम करताना हीच गोष्ट टिपली होती: एकदा घसरलं की ‘आता मोडलंच आहे’ म्हणून माणूस पूर्ण वाहवत जातो. आपल्याकडे याची सोय आधीपासून आहे. शील मोडलं तर पुन्हा घेता येतं, आणि भिक्खुसंघ अमावस्या-पौर्णिमेच्या उपोसथाला (व्रताच्या दिवशी) दोष सांगून मोकळा होतो. उपासकांचे उपोसथ धरले तर अष्टमी, अमावस्या, अष्टमी, पौर्णिमा असा साधारण आठवड्याचा ठेका पडतो. त्या संध्याकाळी वही उघडायची, जे मोडलं ते एका वाक्यात सांगायचं, पंचशील पुन्हा घ्यायचं, पुढच्या आठवड्याचं ‘अमुक झालं की’ वाक्य दुरुस्त करायचं. ऐकणाऱ्याने ‘का केलंस?’ विचारू नये, ‘त्याच्या आधी काय झालं?’ विचारावं. सगळं वीस मिनिटांत. वही आणली याचं कौतुक करा, ध्यान छान लागलं याचं करू नका. अनुभवाचं कौतुक सुरू झालं की दोन आठवड्यांत प्रत्येकाला प्रकाश दिसायला लागतो.

अष्टशील (उपोसथाची आठ शीलं) घेणाऱ्यांना त्या दिवसाचा उपयोग फोनसाठी होतो. गाणी-तमाशे वर्ज्य, म्हणजे रील्सही वर्ज्य. फोन संध्याकाळी दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, गजरासाठी साधं घड्याळ. पहिल्या एक-दोन वेळा हात जास्तच शिवशिवतो. नेहमीचं बक्षीस बंद झालं की आधी ओढ वाढते आणि मग उतरते. पोरांना आधीच सांगून ठेवलं तर ती घाबरत नाहीत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र दुपारनंतर न जेवण्याचं शील डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता तंबाखू. सात दिवसांच्या नोंदीत ती कशासाठी खाल्ली जाते हे दिसेल, आणि प्रत्येकाचं वेगळं निघेल. कुणाला रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून. कुणाला दुपारच्या सुट्टीत चौघांत बसायला कारण म्हणून. पुष्कळांना सकाळी पोट साफ व्हायला, मिसरीचं तर बहुतेक तेच. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे हा निव्वळ भ्रम नसतो. म्हणून पर्यायही वेगळा. पोटासाठीवाल्याला उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, थोडं चालणं, रात्रीच्या जेवणात पालेभाजी. झोपेसाठीवाल्याला पाय मोकळे करणं, तोंडावर पाणी. चौघांतल्याला हातात काहीतरी लागतं: भाजलेले शेंगदाणे, बडीशेप. सगळ्यांना एकच ‘श्वास बघा’ दिलं की सगळ्यांचं फसतं.

सोडायची तारीख अष्टमी-पौर्णिमा बघून ठरवा आणि आदल्या रात्री पुडी, चुन्याची डबी घराबाहेर. ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून ठेवलेलीही.

ओढ आली की तळवा बघा. डाव्या तळव्यावर उजवा अंगठा आपोआप फिरायला लागतो, पुडी नसतानाही. मळण्याची ही हालचाल ओढीच्या जाणिवेच्याही आधी सुरू होते, म्हणून खूण म्हणून ती सगळ्यात उपयोगी. अंगठा फिरला की दोन्ही मुठी हलक्या आवळून एक मिनिट मांडीवर ठेवायच्या. अझ्रिन आणि नन यांनी १९७३ मध्ये सवयी मोडण्यासाठी मांडलेलं तंत्र हेच: त्याच वेळी करता येणार नाही अशी दुसरी हालचाल. मुठी आवळलेल्या असताना ओढ अंगात कुठे आहे ते बघायचं. खालच्या ओठाच्या आत, जिथे बार धरायची सवय आहे तिथे पाणी सुटतं, जबडा ताठ होतो, पोटात पोकळ वाटतं. ती वाढते, माथ्याला जाते, उतरते. तिला घालवायची नाही आणि तिचं ऐकायचंही नाही. मार्लाट यांनी याला लाटेवर तरणं म्हटलं, विपश्यना केलेल्याला ते नव्याने शिकवावं लागत नाही. पाच-दहा मिनिटं काढली की बहुतेक लाटा ओसरतात. पुन्हा येतात, पण पुन्हा ओसरतातही.

पहिला आठवडा, त्यातही दुसरा-तिसरा दिवस जड. चिडचिड, झोप मोडणं, बद्धकोष्ठ. बाकी त्रास दोन ते चार आठवड्यांत कमी होतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘यापेक्षा खाल्लेलीच बरी’ हे वाक्य स्वयंपाकघरातून येतं.

ज्याचा पहिला बार उठल्याबरोबर असतो त्याला नुसत्या सतीवर (सजगतेवर) सोडू नका, तलब अंगात मुरलेली असते. औषधाच्या दुकानात निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा च्युइंगगम मिळतो. तो चघळत राहायचा नाही. तिखट झिणझिण येईपर्यंत हळू चावायचा, मग गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नको, औषध नीट शोषलं जात नाही. लोक नेमके चहावर चावतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणतात. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरला विचारूनच. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १८००-११२-३५६, टोल फ्री आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावा. आणि तोंडात पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं यातलं काही असेल तर वर्गाची वाट न पाहता आधी दवाखाना.

सातपुडा (शहादा)

दवाखान्याचा विषय निघालाच आहे म्हणून थोडी भर. नाव नोंदवताना प्रत्येकाशी बाजूला घेऊन पाच मिनिटं बोला. आवाज ऐकू येणं, आधी कधी खूप चढलेल्या मनःस्थितीत कित्येक रात्री न झोपणं, फिट्स, नुकताच मोठा आघात, मरणाचे विचार, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असणं, यातलं काही असेल तर डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय लांब बसणं नको. त्यांना वही, चालणं, मैत्री भावनेची दोन मिनिटं एवढंच द्या. ध्यान करतोय म्हणून गोळ्या बंद केल्या, हे आमच्या भागात फार होतं. वर्गाच्या पहिल्या दिवशी मोठ्याने सांगा की गोळी कुणीही स्वतःहून बंद करायची नाही. बसताना कुणाला अचानक रडू फुटलं किंवा हातपाय थरथरले तर ‘संस्कार बाहेर पडतायत’ म्हणून बसवून ठेवू नका. डोळे उघडायला लावा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा, पाणी द्या, कुणाला तरी सोबत घरी पाठवा. मरणाचं बोलणं निघालं तर टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तोवर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि घरात फवारणीची औषधं असतील तर ती त्याच दिवशी शेजारी हलवायची.

हजेरीचंही आत्ताच धरून चाला. पोळा, कानबाईचा रविवार आणि शेवटच्या पंधरवड्यात कापसाची वेचणी. त्या दिवसांत वर्ग दहा मिनिटांचा करा, पण बंद ठेवू नका. वेचणीच्या बायांसाठी खूण बदलावी लागेल, कारण पहाटेच घर सुटतं. पहिली झोळी गाठोड्यात रिकामी केली की दहा श्वास, हे चालतं.